सकाळी मिसळ खाल्ली की लगेच जावं लागतं, मग ती पचते कधी?

नौपाडेकर_सर:

रविवारी ठाण्याच्या तलावपाळीला फेऱ्या मारून झाल्या की आमचा कंपू मिसळ हाणायला जातो. त्यात एक गृहस्थ असे आहेत की शेवटचा पाव तिखटजाळ तर्रीत बुडवला रे बुडवला, यांची चुळबुळ सुरू. बिल कोणी द्यायचं हे ठरायच्या आत स्वारी रिक्षात. त्यांचं म्हणणं, "माझ्या पोटात काही टिकतच नाही. इकडून घातलं की तिकडून बाहेर. पचतच नाही तर अंगाला काय लागणार?" (वजन नव्वदीच्या पुढे. असो.) या रविवारी त्यावरून एवढी जुंपली की म्हटलं, धागाच काढू. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो, डॉक्टर नव्हे. तेव्हा औषधं विचारू नका.

तासाभरात जे बाहेर पडतं ते त्या सकाळचं नसतं. ते कालचं, पुष्कळदा परवाचं. जुलाब वगैरे लागलेले नसतील तर या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला कुणाला दहा-बारा तास लागतात, कुणाला तीन दिवस, आणि दोघंही ठणठणीत असू शकतात.

तोंडातलं काम झटपट उरकतं. लाळेतलं अमायलेज पावातल्या पिठूळ भागाचे तुकडे करायला घेतं, घास ओला आणि मऊ होतो, आणि गिळला की आपला त्यावरचा ताबा संपला. अन्ननलिका जेमतेम २५ सेंटिमीटर. आकुंचनाची लाट घासाला आठ-दहा सेकंदांत खाली नेऊन सोडते. तिथे पचनबिचन काही नाही.

खरा मुक्काम जठरात. आम्ल आहे, प्रथिनं तोडणारं पेप्सिन आहे, आणि आकुंचनांनी चाललेली घुसळण आहे. जठराच्या खालच्या टोकाला पायलोरस नावाचं स्नायूंचं दार असतं, ते भलतं चिकट. पचन चालू असताना एक-दोन मिलिमीटरहून मोठा कण ते सहसा पुढे जाऊ देत नाही. मटकीचा दाणा दारापाशी आला की दार मिटतं, दाणा मागे फेकला जातो, पुन्हा घुसळण, पुन्हा दारापाशी. पाणी, चहा, रश्शाचा पातळ भाग आधी निसटतात. मटकी, फरसाण, पाव मागे राहतात. त्यातून पुढे किती सोडायचं हे जठर एकटं ठरवतच नाही. तर्रीतलं तेल लहान आतड्याच्या तोंडाशी पोचलं की तिथल्या पेशी कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक सोडतात. त्याचे निरोप दोन: पित्ताशयाला, "पित्त पिळ", आणि जठराला, "जरा दमानं". ढोबळमानाने मिनिटाला दोन-तीन कॅलरी, या बेतानेच जठर रिकामं होतं. प्लेट पाचशे कॅलरींची धरली तर तीन-चार तास झालेच. म्हणजे नऊच्या मिसळीचं शेपूट साडेबारालाही जठरातच आहे, आणि आमचे गृहस्थ कधीच घरी पोचून, मोकळे होऊन पेपर वाचत बसलेत.

लहान आतड्यात आणखी चार-पाच तास. उरलेला पातळ चोथा पोटाच्या उजव्या बाजूला खाली मोठ्या आतड्यात उतरतो आणि तिथे सगळा वेगच बसतो. अंतर दीड मीटर, वेळ दिवस-दीड दिवस सहज.

मग लगेच का पळावं लागतं? जठर ताणलं गेलं की मज्जातंतू आणि संप्रेरकांमार्फत मोठ्या आतड्याला इशारा जातो. याला गॅस्ट्रोकोलिक रिफ्लेक्स म्हणतात. मोठ्या आतड्यात एरवी संथ हालचाल चालू असते, पण दिवसातून एक-दोनदा, फार तर तीनदा, एक जोरकस लाट येते आणि साठलेला माल मलाशयाकडे ढकलते. ही लाट सकाळी उठल्यावर आणि खाल्ल्यावर हमखास. काहींमध्ये हा रिफ्लेक्स जास्तच तिखट असतो, बस.

गृहस्थांना हे सगळं समजावलं. ते म्हणाले, "म्हणजे मी परवाची भेंडी घेऊन पळतो?"

हो. तीच.

खाडीपलीकडचा:

सर, दंडवत. आमच्या कळव्याच्या घरी आजीचा दंडक होता: उठल्यावर कोमट पाणी, मग चहा, आणि आंघोळीचं पाणी तापेस्तोवर घर सोडायचं नाही. आता कारण कळलं. जे लोक चहा स्टेशनवर पितात त्यांना मुलुंड-भांडुपच्या मध्ये घाम फुटलेला मी डोळ्यांनी पाहिलाय. एकदा तर डब्यातल्या एकाने घाटकोपरला उडीच मारली, बॅग आमच्याकडे देऊन. बॅग दुसऱ्या दिवशी परत केली. कुणीही काही विचारलं नाही.

पेठेतला_पाहुणा:

ठाण्याच्या तर्रीला तिखट म्हणतात हे वाचून करमणूक झाली. असो, प्रश्न गंभीर आहे. तिखट दोनदा का लागतं? तुमच्या हिशोबाने दुसऱ्यांदा लागतं तेव्हा ते परवाचं तिखट असायला हवं, पण मला तर त्याच दिवशी संध्याकाळी लागतं.

नौपाडेकर_सर:

पाहुणे, या एकदा, रस्सा एक्स्ट्रा सांगू.

मिरचीतलं कॅप्सेसिन ज्या ग्राहीवर (म्हणजे संवेदना टिपणाऱ्या रिसेप्टरवर) जाऊन बसतं तो ग्राही मुळात उष्णतेचा. त्याचं नाव टीआरपीव्ही-१. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने तो १९९७ साली शोधला आणि २०२१ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. हा ग्राही फक्त जिभेवर नाही, पार शेवटच्या दारापर्यंत आहे. कॅप्सेसिन बरंचसं वाटेत शोषलं जातं, पण सगळं नाही. आणि ते जिथे टोचतं तिथल्या आतड्याची हालचालही वाढवतं, म्हणून तिखट जेवणाला नेहमीचा वेळ लागेलच असं नाही. संध्याकाळीच झोंबलं तर त्या दिवशी गाडी फास्ट होती असं समजा.

पाणी पिऊन उपयोग नाही, कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. दही किंवा दूध. हा उपाय अर्थात वरच्या दारापुरता.

सुगरण_कोपरीची:

सर, उपासाच्या दिवशी पोटात गुडगुड होते ते काय? एकादशीला देवळात सगळे शांत बसलेले आणि माझं पोट बोलतंय. आजूबाजूच्या बायका वळून बघतात.

नौपाडेकर_सर:

ताई, ती झाडलोट. हा भाग मला स्वतःला सगळ्यात आवडतो.

जेवण पुढे गेलं, जठर आणि लहान आतडं रिकामं झालं, की साधारण दर दीड ते दोन तासांनी जठरातून एक लाट निघते आणि लहान आतड्याच्या शेवटापर्यंत सरकत जाते. मघाशी ज्या दाराने मोठे कण अडवले होते ते आता चांगलं उघडतं. अडकून राहिलेली सालं, बिया, धागे, मेलेल्या पेशी, जंतू असा सगळा केर पुढे लोटला जातो. आत द्रव आणि हवा असते, अन्न नसतं, म्हणून आवाज जास्त येतो. आणि गंमत अशी की तुम्ही काही खाल्लंत की ही झाडलोट त्या क्षणी थांबते. पुन्हा सगळं रिकामं होईल तेव्हा पुन्हा सुरू.

त्यामुळे एकादशीला दर दोन तासांनी वेफर्स, खजूर, शेंगदाण्याचा लाडू चालू असेल तर देवळात आवाज येणार नाही, पण आतला केरही निघणार नाही. तुमचा आवाज येतो म्हणजे तुमचा उपास खरा. बायकांना सांगा.

सुगरण_कोपरीची:

सांगितलं तर पुढच्या एकादशीला सगळ्या ऐकायला येतील.

काढा_प्रेमी:

सर, बाकी ठीक. पण जेवताना पाणी प्यायलं की जठरातलं आम्ल पातळ होतं आणि अन्न सडतं हे तुम्ही लिहिलं नाहीत. आमच्या घरी जेवणाआधी अर्धा तास आणि नंतर तासभर पाणी बंद.

नौपाडेकर_सर:

लिहिलं नाही कारण पटत नाही. नुसतं पाणी जठरात थांबत नाही. दहा-वीस मिनिटांत निम्मं पुढे गेलेलं असतं. आणि जठर दिवसाला दीड-दोन लिटर रस तयार करतं, आम्ल कमी झालं तर भर घालतं. एका पेल्याने त्याची कोंडी होत नाही. सडण्याबद्दल म्हणाल तर त्या आम्लात बहुतेक जंतू टिकतच नाहीत. टिकणारा एक जंतू, हेलिकोबॅक्टर पायलोरी, अल्सरच्या मुळाशी निघाला, आणि ते कुणी मानेना म्हणून बॅरी मार्शल यांनी १९८४ साली तो जंतू स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. २००५ चं नोबेल त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना मिळालं.

काढा_प्रेमी:

नोबेल त्यांना लखलाभ. माझी करपट ढेकर पाणी सोडल्यापासून थांबली हा माझा अनुभव.

नौपाडेकर_सर:

अनुभव खोटा म्हणत नाही. आधीच तुडुंब भरलेल्या जठरात आणखी अर्धा लिटर ओतलं तर वरची झडप ढिली पडून आंबट वर येऊ शकतं. ते पाण्याच्या आकारमानामुळे, आम्ल पातळ झाल्यामुळे नव्हे. तुम्ही करताय ते चालू ठेवा.

घोडबंदरचा_भाडेकरू:

लहान आतडं पसरलं तर टेनिस कोर्टाएवढं होतं असं शाळेत शिकलो होतो. खरंय का? एवढी जागा पोटात असेल तर बिल्डरच्या नजरेस पडू देऊ नका.

नौपाडेकर_सर:

जुन्या पुस्तकांत तसंच आहे. २०१४ साली स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी नव्याने मोजमाप केलं, तेव्हा सगळ्या पचनमार्गाचं आतलं क्षेत्रफळ मिळून सरासरी ३२ चौरस मीटरच्या आसपास निघालं. त्यात मोठ्या आतड्याचा वाटा दोनेक चौरस मीटर. तुमच्या भाषेत सांगायचं तर ३४५ चौरस फूट, म्हणजे वन आरकेचा कार्पेट.

तरीही नळी बोटभर जाडीची आणि जागा वन आरकेची, हे जमतं कसं? आतलं अस्तर आधी घड्या घालून बसवलंय. घड्यांवर मिलिमीटरभर किंवा त्याहून कमी उंचीचे रसांकुर, म्हणजे बोटांसारखे बारीक उंचवटे. रसांकुरावरच्या प्रत्येक पेशीच्या माथ्यावर आणखी सूक्ष्म रसांकुर. एक रसांकुर कापून बघितला तर मधोमध लसिकेची (लिम्फची) एक नळी आणि तिच्याभोवती केशवाहिन्यांचं जाळं. साखर आणि अमिनो आम्लं केशवाहिन्यांत शिरतात आणि थेट यकृतात जातात. तेला-तुपाचं तसं नाही, ते मधल्या नळीतून लसिकेत जातं आणि यकृताला वळसा घालून मानेच्या मुळाशी रक्तात मिसळतं. दुधातली साखर तोडणारं लॅक्टेज याच पेशींच्या माथ्यावर असतं. ते कमी असलं की ती साखर तशीच मोठ्या आतड्यात पोचते, तिथले जंतू ताव मारतात, आणि मग गॅस.

जागांची वाटणीही ठरलेली आहे. लोह मुख्यतः पहिल्या वीतभर भागात, म्हणजे आद्यांत्रात. बी-१२ आणि पित्तक्षार अगदी शेवटच्या भागात. म्हणून ज्यांचा तो शेवटचा तुकडा शस्त्रक्रियेत काढलाय त्यांना बी-१२ ची इंजेक्शनं लागतात.

सानपाड्याची_स्कोपवाली:

इतके दिवस नुसतं वाचत होते, पण आता बोलायलाच हवं. वाशीत एंडोस्कोपीच्या खोलीत काम करते, म्हणजे जिथे स्कोप (कॅमेऱ्याची नळी) आत घालून पोट तपासतात. सर जे पुस्तकातून सांगतायत ते आमच्या स्क्रीनवर रोज दिसतं.

अन्ननलिका आतून फिकट गुलाबी, जवळजवळ पांढुरकी. दातांपासून साधारण ४० सेंटिमीटर आत गेलं की अचानक नागमोडी रेघ येते आणि तिच्यापलीकडे अस्तर लालसर. तीच जठराची हद्द. आम्ल वर चढत राहिलं असेल तर त्या रेघेच्या वरच्या अंगाला ओरखडे काढल्यासारखे लाल पट्टे दिसतात. मग पेशंट "मला कधी जळजळ नाही" म्हणो की न म्हणो. जठरात हवा भरली की जाड घड्या सपाट होतात. आणि पायलोरस... सर, तुम्ही त्याला चिकट म्हणालात, मी हट्टी म्हणेन. स्कोप समोर नेला की मिटतो. डॉक्टर थांबतात, वाट बघतात, तो उघडल्यावर हळूच आत जातात. पलीकडे गेलं की पित्ताचा पिवळा द्रव दिसतो. रसांकुर उघड्या डोळ्यांनी सुटे दिसत नाहीत, पण तिथे पाणी सोडून झूम केलं की बारीक बारीक हलताना दिसतात. नवीन मुली आल्या की मी त्यांना हे मुद्दाम दाखवते.

खाडीपलीकडचा:

ताई, एक नंबर. पाहुणे पुण्याहून बघतायत ना?

नेरूळची_अबोली:

धागा मस्त, पण माझा प्रश्न थोडा वेगळा. गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या टाकीत घाण पाणी मिसळलं आणि निम्मी विंग आजारी पडली. कमिटीने टाकी धुऊन घेतली तोवर आठवडा गेला. तेव्हा प्रत्येक डॉक्टर ओआरएस, ओआरएस म्हणत होता. मला कळत नाही, जे प्यायलं ते बाहेरच पडतंय, तर ओआरएस आत कसं राहतं?

डॉक्टर_पण_तुमची_नाही:

आयडीतच सांगितलंय, तपासल्याशिवाय सल्ला देत नाही. पण या प्रश्नाचं उत्तर देते.

आधी एक हिशोब. आपण दिवसाला दोनेक लिटर पाणी पितो-खातो. लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडरस, आतड्याचा रस मिळून शरीर आतून आणखी सातेक लिटर ओततं. एकूण नऊ. त्यातलं बहुतेक लहान आतडं परत घेतं, उरलेलं मोठं आतडं, आणि बाहेर जातं पाव लिटरहून कमी. जुलाबात बिघडतं ते हे परत घेणं. कॉलऱ्याचं विष तर पेशींना मीठ आणि पाणी उलट बाहेर टाकायला लावतं.

पण पेशींच्या माथ्यावर एक वाहक असतो जो सोडियम आणि ग्लुकोज दोघांना एकत्रच आत घेतो, आणि त्यांच्यामागून पाणी येतं. जुलाबात बाकी वाटा बिघडल्या तरी ही वाट बहुतेक वेळा शाबूत राहते. नुसतं पाणी प्यायलं तर ही वाट बंद, नुसतं मीठ घेतलं तरी बंद. दोन्ही हवेत, आणि प्रमाणात हवेत. साखर जास्त झाली तर उलट आतड्यातच पाणी ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. म्हणून गोड सरबतं, कोल्ड्रिंक, खोक्यातले ज्यूस म्हणजे ओआरएस नव्हे. पुडीवर "एक लिटर" लिहिलं असेल तर लिटरभरातच सगळी पुडी. अर्धी पुडी आज, अर्धी उद्या नाही. पुडी मिळाली नाही तर लिटरभर स्वच्छ पाण्यात साखर सहा सपाट चमचे आणि मीठ अर्धा. चमचा चहाचा.

१९७१ साली बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावण्यांत कॉलरा पसरला आणि सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पिंपांत कालवून लोकांना प्यायला दिलं. तिथे मृत्यूंचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. त्यांना पद्मविभूषण मिळालं २०२३ मध्ये, मरणोत्तर. याबद्दल मला अजून राग आहे.

सुगरण_कोपरीची:

डॉक्टरताई, आता एवढ्या सगळ्या आहातच तर... बेंबी सरकते का हो? आमच्या चाळीत एक काकू बसवून द्यायच्या. पायाचे अंगठे ओढायच्या, पोटावर दिवा ठेवून तांब्या उपडा घालायच्या.

डॉक्टर_पण_तुमची_नाही:

बेंबी म्हणजे वण. ती कुठे जात नाही. पण बेंबीपाशी दुखतं हे खरं, आणि त्याला कारण आहे. आतड्याला आपली दुखरी जागा नेमकी दाखवता येत नाही. जठर आणि आद्यांत्राची सुरुवात दुखली तर बरगड्यांच्या खाली मधोमध कळतं. लहान आतडं बेंबीभोवती. मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग ओटीपोटात. बहुतेक वेळा बेंबीभोवतीची कळ वायूची किंवा साध्या बिघाडाची असते, आपोआप जाते, आणि श्रेय तांब्याला मिळतं.

पण अपेंडिक्सही बेंबीपाशीच दुखायला लागतं. काही तासांनी दुखणं उजव्या बाजूला खाली सरकतं आणि तिथे बोट लावू देत नाही. म्हणजे सरकतं ते दुखणं. अशा वेळी पोट चोळणं, एरंडेल देणं, तांब्या लावणं यात वेळ गेला तर अपेंडिक्स फुटतं. उजवीकडे खाली दुखतंय, ताप आहे, उलटी होतेय, तर पोटाला हात न लावता थेट हॉस्पिटल. हा सल्ला तपासल्याशिवायही देते.

काढा_प्रेमी:

इथे मात्र शंभर टक्के सहमत. आमच्या शेजारच्या मुलाला असंच रात्रभर बसवत ठेवलं होतं. सकाळी ऑपरेशन झालं तेव्हा फुटलेलं होतं. वाचला.

नेरूळची_अबोली:

डॉक्टरताई, आभार. ओआरएसचं आता ग्रुपवर टाकते. स्कोपवाल्या ताई, एक विचारू? आईची कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची स्कोपने तपासणी) आहे शुक्रवारी. कागदावर फक्त "हलका आहार" लिहिलंय. आईच्या मते साबुदाण्याची खिचडी म्हणजे हलका आहार.

सानपाड्याची_स्कोपवाली:

खिचडी नको, दाणे आहेत त्यात. तुमच्या सेंटरला फोन करून एकदा विचाराच, प्रत्येकाची पद्धत थोडी वेगळी असते. सर्वसाधारणपणे दोन-तीन दिवस आधीपासून बियांचं सगळं बंद: डाळिंब, पेरू, टोमॅटो, सब्जा, तीळ, अंजीर. सालीची कडधान्यं आणि पालेभाज्याही नकोत. सरांनी सांगितलंच आहे ना, मोठ्या आतड्यात माल दिवस-दीड दिवस रेंगाळतो, म्हणून एवढ्या आधीपासून. बिया स्कोपच्या नळीत अडकतात आणि आमचा निम्मा वेळ धुण्यात जातो. कोकम सरबत, बीट, लाल-जांभळं काहीही नको, आत रक्तासारखं दिसतं. मऊ भात, ताक, गाळलेलं वरणाचं पाणी चालतं. आदल्या दिवशी बहुतेक ठिकाणी फक्त पातळ. पोट साफ करायचं औषध सगळं संपवायला लावा, "आता साफ झालं" म्हणून शेवटचा पेला सोडून देतात लोक. मधुमेहाच्या किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर आजच सांगून ठेवा. आणि त्या दिवशी गुंगीचं औषध असतं, तेव्हा बरोबर कुणीतरी हवंच. एकटीला रिक्षात बसवून पाठवू नका.

नेरूळची_अबोली:

बापरे, डाळिंब! रोज दुपारी वाटीभर सोलून खाते ती. आत्ताच फ्रिजमधला डबा शेजारी देऊन येते.